घाण्यावरचा अंतराळवीर

आमच्या घराण्याला गाडी लागते. कुणाच्या घराण्यात जमीन असते, कुणाच्या गळ्यात गाणं असतं, आमच्याकडे हे आहे. माझे आजोबा लग्नाच्या वऱ्हाडात बैलगाडीमागून चालत जायचे आणि विचारलं की म्हणायचे, बैलांना ओझं नको. मायला एसटीच्या लालगाडीचा नुसता धूर आला तरी ती पदर नाकाला लावायची. मी या दोघांच्याही पुढचा. गाडी स्टँडवर उभी असताना, इंजिन बंद असताना, मला उलटी झालेली आहे.

ही गोष्ट मी घरात पुष्कळदा सांगितली आहे. बायकोचं म्हणणं असं, की दर वेळी ती थोडी वाढते. मी बोलायला लागलो की ती स्वयंपाकघरातून दुरुस्त्या पाठवते आणि मुलं माझ्याऐवजी तिचंच ऐकतात. म्हणून या वेळी लिहूनच काढायचं ठरवलं. लिहिताना मधे कुणी बोलत नाही.

लहानपणी मावशीच्या लग्नाला आम्ही उदगीरहून उमरीला गेलो. गाडीत मी खिडकीशी होतो, माझ्या शेजारी आहेराच्या लुगड्यांचं गाठोडं होतं. पुढचं सांगत नाही. उमरीला मावशीच्या सासरचे लोक मला आजही नावानं ओळखत नाहीत. "ते लुगड्याचं पोरगं का?" असं विचारतात. मग उपाय सुरू झाले. लिंबू झालं, सुंठ झाली, आवळासुपारी झाली. बुडाखाली वर्तमानपत्र घालून बसलं की गाडी लागत नाही, असं कुणी सांगितलं म्हणून तेही केलं. वर्तमानपत्राचा तेवढा उपयोग झाला, पण ज्यासाठी घातलं होतं त्यासाठी नव्हे.

आणि अशा माणसाला बाविसाव्या वर्षी कंडक्टरच्या नोकरीचं पत्र आलं.

लातूरचा नवा जिल्हा होऊन तेव्हा दोन-तीन वर्षं झाली असतील. त्याआधी आम्ही उस्मानाबादचे. जिल्हा कोणता विचारलं की जुनी माणसं अजून उस्मानाबाद म्हणायची आणि मग जीभ चावायची. नव्या जिल्ह्यात नवी ऑफिसं आली, नवे बोर्ड आले, नव्या जागा निघाल्या. पाऊस तेवढा नव्या जिल्ह्यात बदलून आला नाही. विहिरींचे तळ दिसत होते. वडील मी शाळेत असतानाच गेले होते. माय दुष्काळी कामावर जायची, गावाबाहेरच्या नव्या रस्त्यासाठी खडी फोडायला. मी बारावी होऊन दिसेल त्या जागेला अर्ज करत होतो. रेल्वेलाही केला होता, कारण रेल्वेत मला काही होत नाही. पण बोलावलं लालगाडीनं.

गल्लीत पत्र फिरलं. बुद्धविहारात पंचांनी पत्र वाचून दाखवलं, टाळ्या झाल्या, कुणी माझ्या गळ्यात हार घातला. माय एका कोपऱ्यात पत्र हातात धरून बसली होती. तिला वाचता येत नव्हतं, तरी बघत होती. घरी आल्यावर म्हणाली,

"नोकरी लागली, हे बेस झालं. पर बाबा, गाडीत चढशील कसा?"

तिच्या तळहाताला फोड येऊन, फुटून, त्यावर परत फोड आलेले होते. मी म्हणालो, "चढंन की. तू हातोडा ठिवायच्या तयारीला लाग."

बोलून बसलो. आणि मग आठवडाभर मला झोप नव्हती. आधी लातूरला वर्गात बसून शिकायचं होतं, ते जमण्यासारखं होतं, कारण वर्गाला चाकं नसतात. त्यानंतर उमेदवारीवर गाडी. गाडीवर जमलं तर नोकरी, नाही तर यादीतला पुढचा. हाताशी दीड महिना होता.

त्या वर्षी नाही तर त्याच्या आगंमागं आपला माणूस पहिल्यांदा अंतराळात जाऊन आला होता. गावातल्या वाचनालयात त्यावर मासिकं यायची आणि मी तिथं रोज पडलेला असायचो. एका मासिकात एक चित्र होतं. मोठ्या गोल खोलीत मधोमध एक खांब, खांबाला आडवा लांबलचक लोखंडी हात, हाताच्या टोकाला पिंजऱ्याएवढी खोली आणि त्या खोलीत पट्ट्यांनी बांधलेला माणूस. मोटार चालू केली की तो हात त्या माणसाला घेऊन गरगर फिरतो. वेग वाढला की माणसाचं वजन दुप्पट होतं, चौपट होतं, आठपट होतं. गाल कानाकडे ओढले जातात, डोळ्यांपुढे आधी करडं आणि मग काळं दिसायला लागतं. अमेरिकेत आणि रशियात पहिल्या अंतराळवीरांना अशी तालीम देऊनच वर पाठवलं, असं लिहिलं होतं. मूळची असली फिरती यंत्रं युरोपात वेड्यांना शांत करायला वापरायचे, असंही खाली बारीक अक्षरात होतं.

त्याच्या पुढचं पान कुणीतरी फाडून नेलं होतं. मागच्या बाजूला नटीचा फोटो असणार. त्या फाडणाऱ्यानं माझं फार नुकसान केलं, ते नंतर कळलं. पण मला तेवढं पुरेसं वाटलं. फिरवून फिरवून माणूस चंद्रापर्यंत जाऊ शकतो, तर मी नांदेडपर्यंत का नाही?

प्रश्न यंत्राचा होता. तो सुटायला आमच्या भिंतीपलीकडे जावं लागलं.

पलीकडे एका चाचांचा लाकडी तेलघाणा होता. त्यांच्या चार पिढ्यांनी उदगीरला करडईचं तेल काढलं होतं. मधे लाकडी उखळ, त्यातून निघालेला आडवा जाड दांडा, दांड्याला जुंपलेला एक बैल. तो डोळ्यांना झापडं लावून दिवसभर गोल गोल चालायचा. दुष्काळात करडई आली नाही आणि घाणा थांबला. पण बैल थांबेना. सकाळी वेळ झाली की तो दावं ओढायचा, आणि फेरे झाल्याशिवाय चाऱ्याला तोंड लावायचा नाही. म्हणून चाचा त्याला रोज रिकाम्या घाण्याला जुंपून सकाळ-संध्याकाळ तासभर फिरवायचे. चाची म्हणायच्या, "सारं गाव उपाशी हाय, अन् ह्याला भूक लागायला कसरत पाह्यजे."

मी मासिक घेऊन गेलो.

"चाचा, हे बघा. तिकडं बी घाणा हाय. बैलाच्या जागी मोटार, अन् करडईच्या जागी माणूस."

चाचांनी चष्मा पुसून चित्र पाहिलं. "तेल निघतं?"

"न्हाई. माणूस तयार होऊन निघतो."

"म्हंजी पेंड निघते," चाचा म्हणाले. पण मासिक त्यांनी परत दिलं नाही. बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "बेटा, बैल तर फुकटच फिरून राहिलाय. बस तू. पर उलटी झाली तर अंगण तू सारवायचं. चाची न्हाई."

दांड्याच्या बाहेरच्या टोकाला फळी असते. घाणा चालू असताना तिच्यावर वजनाला दगड ठेवतात. दगड काढून मी बसलो. बैलाला फरक कळला नाही.

त्यांच्या यंत्राचा वेग आणि आमच्या बैलाचा वेग यांची तुलना मी करणार नाही. आमच्याकडे गाल ओढले वगैरे जात नव्हते. पण कंडक्टरला आठपट वजन पेलायचं नसतं, त्याला मान खाली घालून लिहायचं असतं, आणि ते मी पहिल्या दिवसापासून केलं. मांडीवर वही, हातात पेन्सिल, नजर वहीत. तिसऱ्या फेरीला कडुनिंबाचं झाड दोनदा गेलं. चौथ्या फेरीला मी उडी मारून त्याच झाडापाशी गेलो. बैल माझ्यासाठी थांबला नाही. अंगण मी सारवलं.

दुसऱ्या दिवशी सहा फेरे. आठवड्यानं तीस. लातूरचा वर्ग झाला, पण तेवढ्या दिवसांतही मी जमेल तेव्हा गावाकडच्या ट्रकच्या हौद्यात उभा राहून, गार वाऱ्याला तोंड देत यायचो, आणि आलो की घाण्यावर. जुन्या कॅलेंडरची पानं कापून तिकिटं केली. तिकिटाला भोक पाडायचा पंच म्हणून चाचांचा अडकित्ता घेतला. चाचा उखळाजवळ बाज टाकून बसायचे आणि उतारू व्हायचे.

"दोन फुल, एक हाफ, देगलूर!"

मी अडकित्ता मारायचो, कागद फेकायचो.

"हाफ कुठला? हा पोरगा तर मिशीवाला हाय!" चाचाच ओरडायचे.

"मग तीन फुल घ्या."

"काय को? मूंछ त्याची, पैसे मी देऊ?"

असं आमचं भांडण चालायचं आणि बैल फिरत राहायचा. महिन्यानं मी फिरत्या घाण्यावर मान खाली घालून वर्तमानपत्राचं अख्खं पान वाचलं. चाचींनी दिलेला चहा फिरता फिरता प्यायलो. गल्लीतले लोक बघायला येऊ लागले. मला थोडी मिजासही चढली. कुणी विचारलं तर मी तालीम म्हणायचो, त्यातही अंतराळाची तालीम.

एक दिवस माय कामावरून येताना दारात उभी राहून बघत होती. मी तिला सगळं समजावून सांगितलं, ते वेड्यांचंही सांगितलं, प्रामाणिकपणा म्हणून.

"हां," ती म्हणाली. "म्हंजी बराबर जागी बसलास."

मग खाकी आली. टोपी आली. गळ्यात चामड्याची पिशवी, हातात तिकिटांचा पत्र्याचा डबा. पहिली ड्यूटी उदगीर ते नांदेड, मुखेडवरून, आणि त्याच दिवशी परत. ड्रायव्हर वयानं मोठे, पिकल्या मिशांचे. आगारात सगळे त्यांना मामा म्हणत. मामांनी मला पायापासून टोपीपर्यंत पाहिलं. "नवा का? बस. घंटी जोरात मारायची, मला एका कानानं कमी ऐकू येतं."

गाडी भरलेली होती. गाव सुटलं, सपाट रस्ता संपला, डोंगराची उतरण लागली. पहिलं वळण उजवं होतं. समोरच्या बाकावर एक म्हातारी डोळे मिटून बसली होती, तिच्या शेजारच्यानं दांडी धरली. मी मान खाली घालून तिकीट फाडलं, पंच मारला, सुटे मोजून दिले, कागदावर आकडा लिहिला. काही नाही! पोट जागेवर, डोकं जागेवर. मी मनातल्या मनात रशियाला तार केली.

मग डावं वळण आलं.

ते कसं झालं ते मला नीट सांगता येत नाही, कारण मी टोपीत तोंड घालून होतो. सरकारी टोपी, पहिल्या दिवसाची. टोपी काढायचं सुचलं, ही त्यातल्या त्यात हुशारी. वर आलो तर सगळी गाडी माझ्याकडे बघत होती. म्हातारीनं डोळे उघडले होते.

"आगं बया," ती म्हणाली, "कंडक्टरलाच गाडी लागली!"

जो हशा झाला तो मामांना चांगल्या कानानं ऐकू गेला असणार. म्हातारीनं कनवटीला खोचलेली सुंठ काढून माझ्या हातावर ठेवली. "घे लेकरा, चघळ. तिकीट सावकाश दे, मी काय पळून जात न्हाई."

नांदेडपर्यंत अजून तीनदा झालं. स्टँडवर उतारू उतरले, मी नळाच्या हौदापाशी टोपी धूत बसलो. हौदात पाणी हातभरच होतं. मामा येऊन उभे राहिले. त्यांनी चिडून बोलायला हवं होतं, मला बरं वाटलं असतं. ते हळू बोलले, आणि कंडक्टरला म्हणतात तसं मास्तर म्हणाले.

"मास्तर, तू टोपीत तोंड घालून बसला व्हतास तवा दारात एक बाई उभी व्हती, काखेत लेकरू. तिचा हात सुटला असता तर घंटी कोन मारनार व्हतं? मला तर मागचं दिसत न्हाई."

मी टोपी पिळली.

"मी सायबाला सांगनार हाय."

"मामा, नोकरी जाईल माझी."

"जाईल," मामा म्हणाले. "कुनाचं लेकरू जान्यापरीस बरं."

त्यांचं बरोबर होतं.

परतीच्या वाटेवर मी मायचा विचार करत होतो. हातोडा ठेवायच्या तयारीला लाग, हे मी तिला सांगितलं होतं. आता घरी जाऊन तोंड कसं दाखवायचं? तेवढ्यात वळण आलं आणि मी टोपी काढून तयारीत बसलो. काही झालं नाही. पुढच्याला झालं. त्याच्या पुढच्या दोन वळणांना काही नाही. तिकिटं देऊन झाली होती, म्हणून मी एका कागदावर लिहायला लागलो. उजवं, काही नाही. डावं, टोपी. उजवं, काही नाही. डावं, टोपी. उदगीर येईपर्यंत कागद भरला आणि मला घाणा आठवला.

चाचांचा बैल घाण्याला कायम उजव्या अंगाला ठेवून चालायचा. दीड महिना तो मला एकाच दिशेला फिरवत होता. माझ्या पोटाची तालीम झाली होती, पण अर्धीच.

पुढं कितीतरी वर्षांनी मी एका पुस्तकात वाचलं, की मोठ्या यंत्रावर ओझं पेलायची तालीम वेगळी आणि मळमळ जिंकायची वेगळी. त्या दुसऱ्या तालमीसाठी साधी फिरती खुर्ची आणि सावकाश फिरणारी खोली असते. आणि एका दिशेला सवय झालेला माणूस दुसऱ्या दिशेला फिरवला की पुन्हा कच्चा ठरतो. बहुतेक त्या फाडलेल्या पानावर हेच असावं.

त्या दिवशी उदगीरच्या स्टँडवर मी मामांना गाठलं. "मामा, मी आजारी न्हाई. मी फकस्त डावीकडं आजारी हाय."

मामा चाकाला लाथ मारून हवा बघत होते.

"मंग गाडी नुस्ती उजवीकडं वळवत जाऊ का? गोल फिरून उदगीरलाच यील. उतारू काय म्हनतील?"

मी त्यांना घाणा सांगितला, बैल सांगितला, कागद दाखवला. एवढं ऐकून घेणारा माणूस मला पुन्हा नोकरीत भेटला नाही. शेवटी मामा म्हणाले, "मी चार दिवस रजेवर हाय, लेकीकडं किनवटला चाललो. तवर तू आगारात बस, गाडीवर चढू नको. आलो की पुन्हा ह्याच गाडीवर तू अन् मी. तवा टोपी वली झाली तर सायबापुढं तुला मीच घिऊन जानार."

म्हणजे चार दिवस. मी धावत चाचांकडे गेलो. "चाचा, बैल उलटा फिरवा!"

चाचांना वाटलं सोपं आहे. बैल सोडला, वळवला, दुसऱ्या अंगानं जुंपला, झापडं बांधली. बैल दोन पावलं चालला, थांबला, विचारात पडला, आणि जुंपल्याजुंपल्या स्वतःभोवती फिरून पुन्हा नेहमीच्या बाजूला तोंड करून उभा राहिला. दोर गुंतले. तीनदा केलं, तिन्ही वेळा तेच. चौथ्यांदा तो खाली बसला.

चाचा त्याच्या शेजारीच उकिडवे बसले. "बेटा, ह्याचा सारा जनम एका बाजूनं गेला. आता ह्या उमरमधी दिशा बदल म्हटलं तर कसा बदलंल? मी तरी बदलीन का?"

मग मी डोकं चालवलं. बैलाला नेहमीसारखं फिरू दिलं आणि फळीवर मी उलट तोंड करून बसलो. पाच फेरे झाले, दहा झाले, मळमळलं नाही. मळमळलं नाही म्हणजे शिकायला नवं काही नव्हतं. तोंड कुठंही करा, घाणा तिकडंच फिरतो. आयुष्यात पहिल्यांदा मळमळ झाली नाही म्हणून मी रडकुंडीला आलो होतो.

तेवढ्यात माय कामावरून आली. तिच्याबरोबर तिच्या टोळीतल्या चार बायका होत्या, टोपीची बातमी तोवर खडीपर्यंत पोचली होती. चाचांनी सगळं सांगितलं. मायनं डोक्यावरची टोपली उतरवली, पदर खोचला, बैलाला सोडून कडुनिंबाला बांधलं आणि दांड्याला दोन्ही हात लावले.

"माय, काय करून राहिलीस?"

"बस फळीवर."

"आगं, तू बैल हायस का?"

"तू अंतराळवीर हायस का? बस म्हनलं."

मी बसलो. मायनं जोर लावला. घाणा करकरला आणि पहिल्यांदा, बहुतेक चार पिढ्यांत पहिल्यांदा, उलटा फिरला. कडुनिंबाखालून बैल बघत होता. झापडं काढलेली होती, त्यामुळं त्याला सगळं दिसत होतं. त्याला काय वाटलं असेल ते मला सांगता येत नाही.

एका फेरीनंतर बाकीच्या बायका पुढं झाल्या. दिवसभर खडी फोडून आलेल्या बायका. दोघी ढकलायच्या, दोघी दम खायच्या, आणि सगळ्या माझ्यावर तोंडसुख घ्यायच्या.

"आगं, लग्नात बी एवढं मिरवलं न्हाई कुनी ह्याला!"

"ये कंडक्टर, आमचं तिकीट दे की. आमी काय फुकट चालून राहिलो!"

"चालत्या मानसाला तिकीट नसतं," मी म्हणालो आणि लगेच उडी मारून झाडाकडे पळालो. मागून हसण्याचा कल्लोळ उठला.

चार दिवस, रोज संध्याकाळी. दुसऱ्या दिवशी बायका ढकलत होत्या, मी वहीत मान घालून लिहीत होतो, आणि घाणा एकदम थांबला. वर पाहिलं तर माय दांडा सोडून भिंतीला हात धरून वाकली होती. गोल चालून चालून तिला घेरी आली होती. आमचंच घराणं. पोटात काही नव्हतंच, त्यामुळं नुसते उमासे येत होते.

मी खाली उतरलो. "माय, बास झालं. जाऊ दे ती नोकरी."

तिनं तोंड पुसलं. डोळ्यांतून पाणी येत होतं, ते उमाशांमुळं. "गप. कोन उतर म्हनलं तुला? गाडी थांबली की उतरायचं आसतं का कंडक्टरनं?" आणि पुन्हा दांड्याला हात लावला. तिच्या तळहाताखाली लाकडाला ओलसर डाग पडत होते. मी फळीवर बसलो आणि मान वहीत घातली. त्या फेऱ्यांना मला मळमळलं की नाही, आठवत नाही.

पाचव्या दिवशी मामा किनवटहून आले. गाडी निघाली. डोंगराच्या उतरणीला लागलो. उजवं गेलं. डावं आलं. मला आजही खात्री आहे, की ते वळण मामांनी मुद्दाम जोरात घेतलं. तोंडात आंबट पाणी आलं. मी दांडीला पाठ टेकवली, मान खाली घातली, "बोला, कुठं?" म्हणालो आणि तिकीट फाडलं. पंच जरा तिरका बसला. पुढचं वळण. पुढचं. दाराशी एक माणूस एका हातानं लोंबकळत होता, त्याला मी दटावून आत घेतलं. माझा मलाच आवाज ओळखू आला नाही.

नांदेडच्या स्टँडवर मामा उतरले, माझ्यासमोर आले आणि हात पुढे केला.

"टोपी."

मी काढून दिली. त्यांनी ती आतून बाहेरून बघितली, आत बोट फिरवून पाहिलं. माझ्या डोक्यावर परत ठेवली आणि म्हणाले, "चल, च्या पिऊ." साहेबांकडे ते गेले नाहीत.

त्या दिवशी उदगीरला ड्यूटी संपवून मी घरी न जाता खाकीतच खडीवर गेलो. ऊन अजून होतं. पाच जणी आपापल्या ढिगाशी बसलेल्या. मला बघून हातोडे थांबले, मायचा तेवढा थांबला नाही.

"काय झालं रं?" एकीनं विचारलं.

"टोपी कोरडी," मी म्हणालो.

त्यांनी जो गिल्ला केला तो ऐकून मुकादम लांबून पळत आला, त्याला वाटलं कुणाला साप चावला. मी मायपाशी जाऊन बसलो. "माय, ऊठ आता. ठिव तो हातोडा."

"ढीग मोजायचा हाय."

"मोजू दे त्यांना."

"अर्धा ढीग टाकून उठत न्हाईत." तिनं माझ्याकडे बघितलंही नाही. मग मी बाजूला पडलेला एक दगड उचलला आणि दुसऱ्या दगडावर आपटला. खाकीवर कपची उडाली. बायका परत हसल्या. अर्ध्या तासानं ढीग झाला, मुकादमानं मोजला, मायनं अंगठा दिला.

मग ती उठली. हातोडा तिच्या हातातच होता. दांड्याला तिनं जुन्या लुगड्याची चिंधी घट्ट गुंडाळलेली होती. शेजारच्या बाईच्या हातोड्याचं डोकं सारखं निसटायचं, त्याला ती रोज शिव्या द्यायची. मायनं आपला हातोडा तिच्या मांडीवर ठेवला.

"धर. ह्याचा दांडा हालत न्हाई."

आम्ही निघालो. रस्त्यावर येईपर्यंत माय दोनदा मागं वळली, आणि दोन्ही वेळा ओरडून, तो दांडा कुठं धरायचा ते तिला सांगून आली.